छज्जा, डक्ट आणि उंबर

मुंबई-ठाण्यात किंवा पुण्यात माणूस कितव्या मजल्यावर राहतो, यावर त्याला शेजारी कोण मिळणार हे बरेचसे ठरते. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याची खिडकी झाडाला लागून असते. तिथून शिंपी पक्षी दोन पाने जवळ ओढून शिवताना दिसतो, शिंजीर जास्वंदीच्या देठापाशी चोच खुपसतो आणि भर दुपारी तांबटाची एकसुरी ‘टुक टुक’ ऐकू येते. सातव्या-आठव्या मजल्यावर झाडाचा शेंडा खाली राहतो. कावळ्याचे घरटे आतल्या निळसर हिरव्या अंड्यांसकट वरून दिसते आणि पोपटांचे थवे डोळ्यांच्या पातळीवरून ओरडत जातात. विसाव्या मजल्यावर झाडाचा संबंधच संपतो. जमिनीवरून आयुष्यभर जिचे फक्त पोट पाहिले त्या घारीची तिथे पाठ दिसते, पाकोळ्या काचेजवळून किडे टिपत फिरतात, संध्याकाळी बगळ्यांच्या रांगा मुक्कामाच्या झाडाकडे जातात आणि अंधार पडता पडता रातबगळ्याचा घोगरा ‘क्वाक’ खिडकीवरून निघून जातो.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘शेजार’ हा विषय दिला. शहरातल्या या शेजाऱ्यांविषयी आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक कौतुकाचा: बघा, निसर्ग शहरात परत आला. दुसरा वैतागाचा: कबुतरे, कावळे, माकडे, काहीतरी बंदोबस्त करा. दोन्ही सुरांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की हे जीव आपल्या मर्जीने आले आणि आपल्या मर्जीने जातील. खिडकीतून नीट पाहिले तर हे गृहीतक टिकत नाही. कोणता पक्षी वाढावा, कोणता नाहीसा व्हावा, कोणाला घरटे मिळावे आणि कोणाचे मे महिन्यात जमिनीवर पडावे, हे इमारतीच्या नकाशात, कचऱ्याच्या डब्यात, झाडांच्या छाटणीच्या कंत्राटात आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठरत असते. शहरापुरते वन्यजीवांचे धोरण मंत्रालयापेक्षा तिथेच जास्त बनते. ते धोरण कसे चालले आहे हे तपासायची सर्वांत सोयीची जागा म्हणजे घराची खिडकी.

कड्यावरचा पक्षी

पारवा, म्हणजेच आपले कबुतर, हा मुळात कड्याकपारींत राहणारा पक्षी. लेण्यांत, किल्ल्यांच्या तटबंदीत आणि खोल विहिरींच्या कपारींत तो आजही राहतो. घरट्यासाठी त्याला झाड लागत नाही. डोक्यावर आडोसा, पायाखाली सपाट आडवी जागा आणि समोर उडायला मोकळी हवा एवढे पुरते. गेल्या काही दशकांत उभ्या राहिलेल्या इमारतींत अशी जागा मजल्यागणिक आहे. खिडकीवरचा छज्जा, एसीचे बाहेरचे युनिट ठेवायची पट्टी, आणि सगळ्यांत सोयीची म्हणजे न्हाणीघरांच्या मागची डक्ट. डक्टमध्ये ऊन नाही, वारा नाही, घारीला किंवा ससाण्याला आत झेप घेता येत नाही आणि माणूस तिथे गळती झाल्याशिवाय फिरकत नाही.

एसीच्या युनिटमागे डोकावले तर घरटे म्हणावे असे फारसे काही दिसत नाही. आठ-दहा काटक्या, केबलचा तुकडा, खराट्याच्या दोन काड्या आणि हे सारे सिमेंटसारखे धरून ठेवणारी वाळलेली विष्ठा. त्यावर दोन पांढरीशुभ्र अंडी. नर-मादी आळीपाळीने साधारण सतरा-अठरा दिवस ती उबवतात. बाहेर येणारे पिल्लू आंधळे, गुलाबी, अंगावर विरळ पिवळे केस आणि शरीराच्या मानाने फारच मोठी चोच घेऊन येते. ते उडायला लागायच्या आत कित्येकदा आई-बापांनी शेजारच्या कोपऱ्यात पुढची अंडी घातलेली असतात.

पारव्याच्या यशाचे गुपित मात्र घरट्यापेक्षा त्याच्या गळ्यात आहे. बहुतेक लहान पक्ष्यांना पिल्ले वाढवायची तर किडे लागतात, कारण वाढत्या पिल्लाला प्रथिने हवीत. पारव्याला ही अडचण नाही. नर आणि मादी दोघांच्याही गळ्याजवळच्या पिशवीत प्रथिने आणि चरबीने भरलेला पांढरट, घट्ट स्राव तयार होतो आणि पहिले काही दिवस पिल्लू फक्त त्यावर वाढते. म्हणजे पारव्याने नुसते ज्वारी-बाजरीचे दाणे खाल्ले तरी त्याचे पिल्लू पोसले जाते. त्यामुळे त्याला ऋतूची वाट पाहावी लागत नाही. दाणा बारमाही मिळाला की वीणही बारमाही चालते.

चिमणीचे तसे नाही. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांच्या चोचीत तिला अळ्या आणि मऊ किडे द्यावे लागतात. घरट्यालाही तिला छज्जा चालत नाही, पोकळी लागते. कौलाखालची फट, वाड्याच्या भिंतीतला वासा काढून राहिलेला खड्डा, तसबिरीची मागची बाजू, मीटरच्या पेटीचा कोपरा. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या २०२०च्या अहवालात देशभर पाहता चिमणीची संख्या साधारण स्थिर आढळली होती, पण मुंबईसह सहा महानगरांत ती कमी होत गेलेली दिसली. या घटीचे खापर मोबाइलच्या टॉवरवर फोडण्याची सवय लागली आहे. त्याला भक्कम पुरावा नाही. गुळगुळीत भिंती, बंद खिडक्या, पेव्हर ब्लॉकने झाकलेले अंगण आणि दर आठवड्याची धूरफवारणी यांचा पुरावा मात्र खिडकीखाली उभा आहे. म्हणूनच नुसती लाकडी घरटी टांगून चिमण्या येत नाहीत. जवळ झुडूप, माती आणि किडे असतील तिथे येतात.

आता दाण्यांचा प्रश्न. २०२५च्या पावसाळ्यात मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून जो वाद पेटला, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली गेली, ती फाडली गेली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, त्यात एक बाजू आरोग्याची होती आणि दुसरी जीवदयेची. आरोग्याची बाजू खरी आहे. वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली तर काही माणसांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस हा फुप्फुसाचा विकार जडतो आणि तो बळावला तर फुप्फुस कायमचे निबर होते. जीवदयेची बाजूही थट्टेवारी नेण्यासारखी नाही. मुक्या प्राण्याला घास देणे हा इथल्या कितीतरी घरांचा पिढीजात धर्म आहे आणि शहरात माणसाला दुसऱ्या जिवाशी जोडणारे तेवढेच एक निमित्त अनेकांकडे उरले आहे.

पण दया कोणावर होते आहे, हे तपासायला काय हरकत आहे? दाण्याने चिमणीच्या पिल्लाचे पोट भरत नाही. दयाळ, शिंपी, शिंजीर, तांबट, नाचण यांपैकी कोणी ज्वारीवर जगत नाही. गोणीभर दाणा टाकला की त्याचा जवळजवळ सगळा लाभ एकाच जातीला होतो आणि ती जात आधीच कड्यांची उणीव नसलेल्या शहरात वाढते आहे. दाणा बंद केल्याने पारवे एका रात्रीत उपाशी मरतील ही भीतीही अनाठायी आहे. सांडलेले धान्य आणि उष्टे-खरकटे शोधत दूरवर फिरणारा तो पक्षी आहे. खाणे कमी झाले की वीण कमी होते. ज्याला खरोखर सगळ्या पाखरांना काही द्यायचे आहे, त्याने उन्हाळ्यात उथळ मातीच्या भांड्यात पाणी ठेवावे आणि डास होऊ नयेत म्हणून ते रोज बदलावे. त्या भांड्यावर बुलबुल येतो, दयाळ येतो, खारही येते.

जाळीचे काय? प्रत्येक फ्लॅट आपापल्या बाल्कनीला जाळी लावतो, तेव्हा पारवे शेजारच्या, जाळीचा खर्च न परवडणाऱ्या घराच्या छज्ज्यावर जातात. सैल लावलेल्या नायलॉनच्या जाळीत घुबडे, पोपट आणि घारी अडकून मरतात. डक्टचे तोंड सोसायटीने एकदाच नीट, ताणलेल्या जाळीने बंद केले आणि छज्ज्याची आडवी पट्टी उतरती करून घेतली, तर हाच प्रश्न पुष्कळ हलका होतो. रंगकामासाठी परांची बांधलेली असते तेव्हा हे काम सहज उरकते. त्या वेळी ठरावात ते लिहिलेले नसते, एवढेच.

छाटणीचा हंगाम

कोकीळ मार्चपासून ओरडू लागतो आणि आपण त्याला वसंताचा दूत म्हणतो. खिडकीतून दिसणारी गोष्ट जरा वेगळी आहे. कोकिळा स्वतः घरटे बांधत नाही, ती कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते. नर कोकीळ मुद्दाम कावळ्यांच्या नजरेस पडतो, कावळे त्याच्या मागे धावतात आणि तेवढ्यात ठिपक्याठिपक्यांची मादी घरट्यावर उतरून काम उरकते. कोकिळेचे अंडे कावळ्याच्या अंड्याच्या दोन-तीन दिवस आधी फुटते, त्यामुळे पहिला घास त्याला मिळतो. जूनमध्ये एखाद्या खिडकीसमोरच्या फांदीवर हे पाहायला मिळते: अंगाने कावळ्याहून सडपातळ, लांब शेपटीचे, काळसर पिल्लू पंख थरथरवत तोंड वासून बसलेले आणि कावळी त्याच्या घशात पावाचा तुकडा कोंबते आहे.

तो पावाचा तुकडा महत्त्वाचा. कावळा कचऱ्यावर जगतो. कोकिळेची पिल्ले कावळ्यावर जगतात. मोठा झालेला कोकीळ मात्र फळांवर जगतो: उंबर, वड, पिंपळ, जंगली बदाम, पपई. उघडा कचरा आणि फळझाडे यांच्या जोडीवर तो वाढला आहे. २०२३च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ अहवालानुसार सन २०००च्या तुलनेत देशात कोकीळ सुमारे ७५ टक्क्यांनी वाढला. त्याचे गाणे गोड आहेच. पण त्यावरून हवापाणी सुधारले असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल.

फळझाडांत उंबर-वड-पिंपळ या कुळाचे स्थान वेगळे. यांची फळे सगळ्या झाडांवर एकाच मोसमात येत नाहीत. प्रत्येक झाड आपापल्या वेळी फळते, कारण त्यांचे परागीभवन करणारी सूक्ष्म गांधीलमाशी फळाच्या आतच वाढते आणि तिला जवळपास कुठेतरी नवे फळ सतत हवे असते. त्यामुळे परिसरात अशी चार-पाच झाडे असली की वर्षभर कुठे ना कुठे पंगत सुरू असते. दिवसा राखी धनेश, तांबट, बुलबुल, मैना. रात्री वटवाघळे आणि उदमांजर. पुनर्विकासात जुनी तीन मजली इमारत जाते तेव्हा मागच्या अंगणातला उंबरही जातो. त्याच्या जागी पॉडियमवर रॉयल पाम आणि कातरलेले कुंपण येते, कारण पॉडियमच्या स्लॅबवर मातीचा थरच जेमतेम असतो. नकाशात ‘हिरवळ’ भरून निघते, पंगत मोडते.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. देशी झाड चांगले, परदेशी वाईट, हे सूत्र खिडकीतून पाहिल्यावर पूर्ण पटत नाही. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पर्जन्यवृक्षाच्या पसरट फांद्यांवर रातबगळे आणि ढोकऱ्या वसाहती करतात, त्याच्या ढोल्यांत पोपट राहतात. उंच वाढलेल्या परदेशी झाडांवर घारीही घरटी करतात. पाहायचे ते हे, की झाड पुरेसे म्हातारे आहे का, त्याला ढोली आहे का, त्यावर कोण येते.

आणि नेमक्या याच झाडांवर एप्रिल-मे महिन्यांत करवत चालते. पावसाळ्यापूर्वीची छाटणी मार्चमध्ये ठरते, परवानगी आणि कंत्राटदार मिळेपर्यंत एप्रिल उजाडतो आणि प्रत्यक्ष काम मेअखेरपर्यंत रेंगाळते. कावळ्यांची अंडी तेव्हाच असतात. बगळ्यांच्या, ढोकऱ्यांच्या वसाहती तेव्हाच भरू लागतात. तांबटाची पिल्ले वाळक्या फांदीतल्या भोकात तेव्हाच असतात, आणि वाळकी फांदी म्हणून ती सगळ्यात आधी कापली जाते. फांदीबरोबर पिल्ले खाली येतात, संध्याकाळी प्राणिमित्रांचे फोन वाजू लागतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित पक्ष्यांची अंडी फोडणे आणि घरटी उद्ध्वस्त करणे हेही शिकारीच्या व्याख्येत धरले आहे. छाटणीचे पत्र देताना हे कलम क्वचितच कोणाच्या डोळ्यांसमोर असते.

यावरचा आक्षेप साधा आणि गंभीर आहे. पावसाळ्यात फांदी पडून माणसे मरतात. मुंबईत असे अपघात होतात आणि त्यात जीव गमावणारा बहुधा झाडाखालून चालणारा, रिक्षा चालवणारा किंवा फुटपाथवर बसणारा असतो. पिल्लांसाठी त्याला धोक्यात घाला, असे कोणी म्हणू शकत नाही. पण छाटणी करावी की नाही, हा इथे वादच नाही. प्रश्न ती कधी करावी याचा आहे. पावसाची वाढ संपली की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये छाटणी केली, तर पुढच्या जूनपर्यंत झाड पुन्हा फार जड होत नाही आणि तेव्हा बहुतेक घरटी रिकामी असतात. घारीसुद्धा डिसेंबरच्या सुमारास बांधायला लागतात. मेमध्ये फक्त खरोखर धोकादायक फांद्या, त्याही वर पाहून, काढाव्यात. वर काय आहे हे जमिनीवरच्या कंत्राटदाराला दिसत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला दिसते.

कुंडी आणि काच

बाल्कनी लहान असते, पण तीही निरुपयोगी नसते. कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कुंडीत पानांवर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे काळे-पांढरे ठिपके दिसले तर पुसण्याआधी थोडे थांबावे. मॉरमॉन जातीच्या फुलपाखरांच्या कोवळ्या अळ्या अशाच दिसतात. पक्ष्याने खाऊ नये म्हणून विष्ठेचे सोंग. वाढल्यावर तीच अळी हिरवीगार होते आणि डिवचली तर डोक्यामागून दोन शिंगांसारखा, उग्र वासाचा अवयव बाहेर काढते. आपल्या राज्याचे फुलपाखरू ब्ल्यू मॉरमॉन लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. कुंडीवर कीटकनाशक मारले की अळी जाते, आणि तिच्याबरोबर शिंप्याच्या पिल्लांचा घासही.

काचेचा प्रश्न मोठा आहे आणि त्याकडे अजून कोणी फारसे पाहत नाही. मेअखेर-जूनमध्ये, पाऊस दाराशी आला असताना, नवरंग आणि तिबोटी खंड्या हे दोन अतिशय देखणे पक्षी रात्री प्रवास करत कोकणपट्टीत येतात. मुंबईत दरवर्षी याच दिवसांत ते बाल्कनीत, पार्किंगमध्ये, लिफ्टच्या लॉबीत धडकून पडलेले सापडतात. ज्यांना हा पक्षी काय हेही माहीत नसते अशा माणसांच्या ओंजळीत तो येतो. उजळलेल्या इमारती त्यांची दिशा चुकवतात आणि काचेत दिसणारे आभाळ खरे वाटून ते तिच्यावर आदळतात. तेवढे दिवस गच्चीवरचे आणि दर्शनी भागाचे शोभेचे दिवे रात्री बंद ठेवले तरी फरक पडू शकतो. पडलेल्या पक्ष्याला पाणी पाजू नये. पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवावे आणि वनविभागाला किंवा जवळच्या बचाव पथकाला कळवावे.

कॅमेऱ्यातला बिबट्या

बोरिवली, मुलुंड, ठाणे आणि आरेच्या कडेने राहणाऱ्यांची खरी खिडकी आता सीसीटीव्हीची आहे. रात्री दोन वाजता बिबट्या कंपाउंडच्या भिंतीवरून उतरतो, वॉचमनच्या खुर्चीजवळून जातो, कुत्र्याला उचलतो. सकाळी ती चित्रफीत सोसायटीच्या ग्रुपवर फिरते आणि दुपारपर्यंत ‘पिंजरा लावा’ अशी मागणी होते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. २०१५ साली कॅमेऱ्यांच्या साहाय्याने उद्यान आणि परिसरात ३५ बिबटे मोजले गेले आणि नंतरच्या मोजण्यांत ही संख्या वाढलेली दिसली. जगातल्या फार थोड्या महानगरांच्या पोटात इतके मोठे शिकारी प्राणी एवढ्या दाटीने राहतात.

पिंजऱ्याची मागणी समजण्यासारखी आहे. २००४च्या सुमारास या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत बरीच माणसे मेली, त्यांत लहान मुले होती. पण त्या काळातूनच उलटा धडाही मिळाला. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्याने हल्ले वाढू शकतात, हे जुन्नर भागातल्या विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे आले. नेलेला बिबट्या अनोळखी मुलखात बिथरतो आणि त्याची रिकामी हद्द दुसरा, कदाचित तरुण आणि अननुभवी बिबट्या घेतो. २०११पासून वनविभागाने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या उपक्रमातून लोकांशी बोलायला सुरुवात केली, त्याचा गाभा हाच होता: बिबट्या दिसणे म्हणजे हल्ला नव्हे. आरेतल्या पाड्यांवर वाघोबाला मानणाऱ्या आदिवासींना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

बिबट्या भिंत ओलांडतो तो कुत्र्यांसाठी, आणि कुत्री असतात ती कचऱ्यासाठी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबईतले बिबटे वर्षाला अंदाजे १५०० भटकी कुत्री खातात आणि त्यामुळे कुत्रे चावण्याच्या सुमारे एक हजार घटना टळत असाव्यात, असे गणित मांडले होते. अंदाज वर-खाली होऊ शकतो; साखळी मात्र खरी आहे. म्हणून ‘पिंजरा लावा’ हा ठराव करण्याआधी मागच्या गेटपाशी ओला कचरा किती वाजता उघड्यावर ठेवला जातो, तिथला दिवा चालू आहे का, आणि मुले रात्री नवानंतर एकटी त्या बाजूला जातात का, एवढे सभेत विचारले गेले पाहिजे.

पाहून उपयोग काय?

सगळ्यात मोठा आक्षेप असा: खिडकीतून दिसणारे ते दिसून दिसून काय, कावळे आणि कबुतरे. खरे वन्यजीवन ताडोबात. शिवाय एका खिडकीचे क्षेत्र ते केवढे, माणूस पाहतो कधीमधी, पक्षी ओळखतो चुकतमाकत. यातून कळणार काय?

पर्जन्यमापकही एका जागी ठेवतात आणि त्याच्या तोंडाचा व्यास वीतभरच असतो. त्याचे मोल जागा न बदलण्यात आहे, आणि खिडकीचेही तसेच. जंगलात जाणारा दर वेळी वेगळ्या वाटेने जातो, खिडकीतला माणूस तीच फांदी दहा वर्षे पाहतो. २०२३चा जो अहवाल वर आला, तो ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर उभा आहे आणि त्यांतले बहुतेक लोक पगारी शास्त्रज्ञ नव्हेत. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना शेवटी विचारतात, की ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही लिहिले का? हा प्रश्न साधा वाटतो, पण सगळी किल्ली त्यातच आहे. फक्त ‘धनेश दिसला’ असे लिहिले तर धनेश न दिसलेले दिवस हरवतात. पंधरा मिनिटे बसून कावळ्यासकट सगळे लिहिले, तर चिमणी नसणे हीसुद्धा नोंद होते.

नेरूळच्या सीवूड्‌सजवळच्या डीपीएस तलावाचे उदाहरण याच अर्थाने पाहण्यासारखे आहे. खाडीच्या भरतीचे पाणी या तलावात येते आणि फ्लेमिंगो तिथे उतरतात. पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या, तेव्हा आधी शेवाळ दाटलेले आणि मग पक्षी कमी झालेले आसपासच्या इमारतींतल्या लोकांना रोज दिसत होते. त्यांनी फोटो काढले, तारखांसह तक्रारी केल्या, आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. ठाणे खाडीत फ्लेमिंगोंची संख्या वाढण्यामागे सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर पोसलेले शेवाळ हे एक कारण मानले जाते, हेही इथे सांगायला हवे. गुलाबी थवे म्हणजे स्वच्छ खाडी असा अर्थ लावला तर पाहणाऱ्याची फसगत होते. म्हणूनच पाहण्याबरोबर नोंद हवी, आणि नोंदीबरोबर कारणाचा शोध.

एक आक्षेप मात्र खोडता येत नाही. खिडकीसमोर झाड असणे हीच मुळात मिळकत आहे. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड किंवा गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींत दोन इमारती इतक्या जवळ आहेत, की खालच्या मजल्यांच्या खिडकीसमोर फक्त भिंत, पाइप आणि वरून फेकलेला कचरा दिसतो. तिथल्या कोंदट, अंधाऱ्या खोल्या आणि क्षयरोगाचे प्रमाण यांचा संबंध अभ्यासकांनी दाखवून दिला आहे. ज्या दोन इमारतींच्या फटीत पारव्याशिवाय कोणताही जीव टिकत नाही, तिथे माणसाचेही आरोग्य टिकत नाही. इमारतींमधल्या अंतराचे नियम सैल होतात तेव्हा पक्षीप्रेमी सहसा गप्प असतात. पॉडियमवर कोणते झाड लावावे यावर मात्र भरपूर बोलतात. हा विषय त्यांचाही आहे.

हा अंक हातात पडेल तोपर्यंत बहुतेक सोसायट्यांच्या वार्षिक सभा होऊन गेलेल्या असतील, कारण त्या सप्टेंबरअखेर घ्याव्या लागतात. पार्किंगमध्ये शेपूट हलवत चालणारा परीट आलेला असेल, मरीन ड्राइव्हवर कुरव उतरू लागतील. डिसेंबरपासून घारी काड्या आणि तारा गोळा करताना दिसतील. कोणत्या झाडावर नेतात ते लिहून ठेवावे. फेब्रुवारीत तांबट कोणत्या वाळक्या फांदीला भोक पाडतो, तेही. मार्चमध्ये समिती कंत्राटदाराला छाटायच्या झाडांची यादी देते. त्या यादीत झाडाचे नाव, फांद्यांची संख्या आणि दर असे रकाने असतात. वर घरटे आहे की नाही, असा आणखी एक रकाना आखायला कुठल्याही खात्याची परवानगी लागत नाही.